शकुनकाकूची परीक्षा

शकुनकाकू कलकत्त्याला आली ती एक्कावन्न सालच्या वैशाखात. बाबा तिला हावड्याहून घेऊन आले. बरोबर पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात बांधलेली जात्याची वरची तळी.

"आणि खालची?" आईने विचारलं.

"ती उचलवेना वहिनी. येताजाता कुणी आणील."

"म्हसवडाहून कलकत्त्याला येताजाता कोण येतंय गं?"

काकू हसली. खालची तळी कधी आली नाही. वरची आईने लोणच्याच्या बरणीवर ठेवून दिली.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, मनोहरकाकांची बायको. काका चार वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेले होते. मूलबाळ नव्हतं. ती यायच्या आधीच्या हिवाळ्यात आजी गेली, विहीर तळाला गेली, शेत वाट्याने दिलं तर वाटेकरीही पाऊस नाही म्हणून साखरवाडीला कामाला गेला. गावातल्या घरात काकू एकटी उरली. बाबांनी पत्र टाकलं आणि ती आली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. मी चौदा.

भवानीपुरात दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, मागे अरुंद सज्जा, वर गच्ची. शेजारी एका बिहारी गवळ्याचा गोठा होता. सात म्हशी. त्यांचा वास आमच्या घरात बारा महिने असायचा. आईला त्याची शिसारी होती. काकू पहिल्याच दिवशी सज्ज्यात उभी राहिली, तिने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, कुणीतरी ओळखीचं आहे."

आईला दमा होता. कोळशाच्या धुराने तो वाढायचा. चार वाजले की साऱ्या गल्लीतल्या शेगड्या एकदम पेटत आणि धूर घरात भरून बसे. काकू आल्यापासून शेगडीचं काम तिचं झालं. मग पाण्याचं झालं. खालच्या हातपंपावरून रोज चौदा बादल्या. मग धुण्याचं, मग दळण आणायचं, मग गुलांचं. गुल म्हणजे कोळशाची भुकटी, चिकणमाती आणि शेण कालवून केलेले गोळे. ते गच्चीत वाळवून शेगडीत घालायचे. विकत मिळत, पण काकूने केलेले जास्त वेळ जळत. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगावं लागायच्या आत तिचे हात कामाला लागलेले असत.

आई वाईट नव्हती. हे मी आधीच लिहून ठेवते. तिने काकूला कधी शिळं वाढलं नाही, कधी अपशब्द काढला नाही. दुपारी दोघी सज्ज्यात बसून तांदूळ निवडत आणि आई बोलत राही. माहेरचं, वाईचं, कृष्णेच्या घाटाचं, मेलेल्या बहिणीचं. कित्येकदा मी शाळेतून यायची तेव्हा खालपर्यंत तिचा आवाज ऐकू येई. काकू यायच्या आधी मी कधी तिला दुपारी बोलताना ऐकलं नव्हतं.

"सोळा वर्षं मी या शहरात भिंतींशी मराठी बोलले," ती एकदा म्हणाली.

"भिंती काय म्हणाल्या?" काकू म्हणाली.

"बंगालीत म्हणाल्या, ते मला कळलं नाही."

दोघी इतक्या हसल्या की आईला खोकला लागला.

श्रावणात गवळ्याची एक म्हैस अडली. सकाळपासून ओरडत होती. गवळी पारबती, त्याचा भाऊ, आणखी दोघं, सगळे दोऱ्या घेऊन ओढाओढ करत होते. काकू सज्ज्यातून पाहत होती. मग तिने पदर खोचला आणि खाली गेली. आई हाका मारत राहिली. काकूने चिखलात गुडघे टेकले, हाताला तेल लावलं आणि कोपराच्या वरपर्यंत हात आत घातला. डोळे मिटून ती बराच वेळ तशीच होती. म्हैस थरथरत होती. "पाय मागं दुमडलाय," ती मराठीतच म्हणाली. गवळ्याला काय कळलं कोण जाणे, त्याने दोरी सोडली. अर्ध्या तासाने रेडकू बाहेर आलं, जिवंत.

हे सगळं खालच्या मजल्यावरच्या प्रतिमादींनी दारात उभं राहून पाहिलं. प्रतिमादी नर्स होत्या. डमडमच्या बाजूला एक धर्मादाय प्रसूतिगृह होतं, तिथे कामाला जात. संध्याकाळी त्या वर आल्या आणि त्यांच्या त्या बंगाली हिंदीत आईला म्हणाल्या, "दीदी, एतना अच्छा हात, आर खाली रान्ना करेगा?"

रान्ना म्हणजे स्वयंपाक. आईला ते समजलं. काकूलाही.

प्रसूतिगृहात दाया तयार करायचा दोन वर्षांचा वर्ग होता. राहणं, जेवण तिथेच, पुढे नोकरी तिथेच. शिकवणं बंगालीत किंवा इंग्रजीत. वर्षातून एकदा, भाद्रपदात, मॅट्रन स्वतः परीक्षा घेई. पुस्तकातलं एक पान वाचायचं आणि समोर जे दिसेल त्यावर दहा वाक्यं लिहायची.

"मेमसाहेब ‘अ’ आणि ‘द’ला फार कडक आहेत," प्रतिमादी म्हणाल्या. "मागे एका मुलीने चिठ्ठीत ‘द बाटली’च्या जागी ‘अ बाटली’ लिहिलं. दुसरीने हाताला लागली ती बाटली दिली. बाळंतीण थोडक्यात वाचली. तेव्हापासून मेमसाहेब म्हणतात, बाकीचं मी शिकवीन, हे शिकून या."

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "शिकू दे. लीना शिकवील. पुढचं पुढे."

 पुढचं पुढे हे आईला पटलं असावं.

वर्षभर मी काकूला शिकवलं. जागा गच्ची, वेळ साडेचार ते साडेपाच, कारण तेव्हा ती गुल करायची आणि हात थांबवून चालणार नव्हतं. अक्षरं ती भिंतीवर काळ्या बोटाने काढायची. पावसाने ती पुसली जात, की दुसऱ्या दिवशी नव्याने. काकू मराठी चार इयत्ता शिकलेली होती. अक्षरं महिन्यात आली, साधी वाक्यं दिवाळीपर्यंत. मग ‘अ’ आणि ‘द’वर आम्ही अडकलो.

माझ्या शाळेत बाई पाठ करून घेत. मी काकूला तसंच पाठ करायला लावलं. तिला येईना. ती म्हणे, "मराठीत याच्यावाचून काय अडतंय का? बाई आली म्हटलं की आली."

"कोण बाई? कुठलीतरी की आपल्याला माहीत असलेली?"

"ते बोलण्यावरून कळतं की."

"इंग्रजांना कळत नाही."

"मग राज्य कसं केलं बाई त्यांनी?"

शेवटी मी गुलांवरच आले. एक उचलला. "हा कुठलाही एक. अ बॉल. आता मी तो तुझ्यापुढे ठेवला. आता आपण याच्याचबद्दल बोलतोय. द बॉल."

काकूने हातातला गोळा वळता वळता विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे दारात अनोळखी बाई आली, की ती ‘अ’. आत येऊन बसली, पाणी प्याली, कुठली कोण ते विचारून झालं, की ‘द’."

माझ्या शाळेतल्या बाईंना इतकं चांगलं सांगता आलं नव्हतं.

"आणि ‘ॲन’?"

"स्वर आला की ॲन. ॲन एग. ॲन अनियन."

"कांद्याला एवढा मान?"

"आणि नावाला काही नाही. तांदळाला, पाण्याला, मोजता न येणाऱ्या गोष्टीला एरवी काही नाही."

"नावाला काही नाही," तिने म्हणून पाहिलं. "मनोहर. नुसतं मनोहर."

पौषात मी तिला स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली. तिने पाटीवर लिहिलं, ‘आय ॲम विडो.’

"अ विडो," मी म्हणाले.

"घरात मी एकटीच आहे की. मग ‘द’ का नाही?"

"पहिल्यांदा सांगताना ‘अ’. पुष्कळांतली एक."

ती पाटीकडे बघत राहिली. "पुष्कळांतली एक," ती म्हणाली. "ते बरं आहे." आणि तिने ‘अ’ घातला, जरा मोठाच.

बाबांच्या बँकेतले भालचंद्रपंत रविवारी चहाला येत. त्यांना कुठून तरी कळलं होतं. एकदा काकू लाडवांची बशी न्यायला बाहेर आली. पंतांनी एक लाडू वर धरला आणि मोठ्याने विचारलं, "मॅडम, व्हॉट इज धिस?"

बाबा कसनुसं हसले. काकू पदर घट्ट धरून उभी राहिली. मला वाटलं ती आत पळेल.

"दॅट इज द लाडू," ती म्हणाली.

"द लाडू!" पंत मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे जगात एकच लाडू! अहो दत्तोपंत, ऐकलंत का?"

"बशीत तेवढाच उरलाय," काकू मराठीत म्हणाली आणि रिकामी बशी घेऊन आत गेली.

आत येऊन मात्र ती मोरीपाशी बसली आणि नळ नसतानाही हात चोळत राहिली. नखांतली काळी रेघ निघत नव्हती. "लीना," ती म्हणाली, "त्या प्रसूतिगृहात गुल नसतील ना गं?"

उन्हाळ्यात तिने प्रतिमादींकडून पाचवारी नेसायला शिकून घेतलं. नऊवारीत वॉर्डात चालणार नव्हतं. पहिल्या दिवशी जिना उतरताना ती पडली आणि गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेसली. आई म्हणाली, "एवढी घाई काय आहे? अजून भाद्रपद कुठे आलाय?" मग पाठ फिरवून म्हणाली, "तुझ्या जागी दुपारी मी कोणाशी बोलायचं ते तुमच्या मेमसाहेबांना विचारून ये."

"तुम्ही या की तिकडे, वहिनी. रविवारी सोडतात म्हणे भेटायला."

"दोन ट्रॅम आणि एक बस," आई म्हणाली. "माझा श्वास ट्रॅमपर्यंत पोचत नाही."

आषाढात प्रतिमादींनी तारीख आणली. भाद्रपद वद्य अष्टमी, गुरुवार, सकाळी दहा. बाबांनी पंचांग पाहिलं आणि चष्मा काढला. अष्टमी म्हणजे आजोबांची तिथी. त्या दिवशी घरी श्राद्ध. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक, वडे, खीर, दोन ब्राह्मण जेवायला.

"त्यात काय," आई म्हणाली. "मी करीन. सोळा वर्षं मीच करत होते ना?"

काकूने खाली वाकून तिला नमस्कार केला. आईने पाय मागे घेतले. "पुरे, पुरे," ती म्हणाली.

गणपतीनंतर गौरी आल्या. त्या वर्षी आई गौरींच्या जेवणाच्या दिवशी बाहेर बसली होती. आमच्याकडे बसण्याचा नियम कडक होता. तीन दिवस मागच्या सज्ज्यात, वेगळा तांब्या, वेगळं तरट, शिवायचं नाही. गौरींचं सगळं त्यामुळे काकूनेच केलं. मला हे नीट आठवतं, कारण काकू पुरणपोळ्या लाटत होती आणि मी तिला शब्द विचारत होते. प्रत्येक पोळीला एक शब्द. चाळीस पोळ्या, चाळीस शब्द, दोन चुकले.

बुधवारी संध्याकाळी आईने डाळी निवडून ठेवल्या. वड्यांचं पीठ, खिरीचे गहू, अळूची पानं, सगळं ओळीने. काकूने पाचवारी घडी करून उशाखाली ठेवली. बाबांनी तिला पेन्सिल दिली, दोन्ही बाजूंनी टोक केलेली. मी तिला शेवटचं विचारलं आणि तिने सगळं बरोबर सांगितलं. मला आनंद झाला. पण घरात माझ्याशी हसून बोलणारी तीच होती. मला भाऊ-बहीण नव्हतं. शाळेतल्या मुली मला ‘बर्गी’ म्हणत. मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा तो जुना शब्द तिथे अजून जिवंत होता. काकू गेल्यावर साडेचार वाजता मी गच्चीत कोणाकडे जाणार होते?

गुरुवारी सकाळी सहाला मी उठले तेव्हा आई मागच्या सज्ज्यात तरटावर बसली होती. वेगळा तांब्या बाजूला. भिंतीकडे तोंड.

"मला शिवू नकोस," ती म्हणाली. "बाबांना सांग."

बाबा ओल्या धोतरात उभे होते. त्यांनी ऐकलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि पाहिलेलं लगेच सोडून दिलं. असल्या गोष्टीत पुरुष बोलत नसत. बाईनेही बाईला विचारायचं नसे. जी म्हणाली बसले, ती बसली.

काकू पाचवारी नेसून तयार होती. केस घट्ट बांधलेले, पेन्सिल कमरेला खोचलेली.

"शकुन," बाबा म्हणाले, "आता काय करायचं?"

तिने कमरेची पेन्सिल चाचपली.

"ब्राह्मणांना सांगून झालंय. लीनाला तर काहीच येत नाही. परीक्षा काय, पुढच्या वर्षी..." ते थांबले. "तूच सांग."

गावाकडे केस राखलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चाललं नसतं. इथे चालत होतं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग मला हाताला धरून मोरीच्या दारापाशी नेलं. 

"लीना, गौरी जेवल्या त्याला आज किती दिवस झाले?"

"पंधरा."

"पंधरा. कधी कधी लवकर येतंही. मी नाही म्हणत नाही." ती हळू बोलत होती. "सोवळ्यात जायचं तर मला तिकडे जाता येणार नाही. तू जा. सज्ज्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या मागे ती दोरी आहे. वहिनींचे बसतानाचे कपडे धुऊन त्या दोरीवर वाळत घातलेत का, एवढंच बघून ये. असले तर मी नेसण बदलते आणि चुलीपाशी बसते. नसले तर मी जाते. मग दादा काय म्हणायचं ते म्हणोत."

मी गेले. आईने मान वळवली नाही. तिची पाठ दिसत होती आणि पाठीवरून श्वास वरखाली होताना दिसत होता. मी गोणपाट बाजूला केलं. दोरी कोरडी होती. तिच्यावर एक चिमणी बसली होती, ती उडाली. पलीकडे गोठ्यात पारबती म्हशींवर पाणी मारत होता.

मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. आई भिंतीकडे पाहतच म्हणाली, "लीना." एवढंच. पुढे काही नाही.

मी परत आले.

"आहेत?" काकूने विचारलं.

"आहेत," मी म्हणाले.

काकूने मान हलवली. आत जाऊन पाचवारी सोडली, न्हाली, ओलेत्याने सोवळं नेसली आणि डाळ वाटायला बसली. दहा वाजता ती वडे थापत होती. बाराला ब्राह्मण आले. त्यांनी वड्यांची फार तारीफ केली. एकाने तर बाबांना विचारलं, "कुठल्या बाई मिळाल्या तुम्हाला? आमच्याकडेही हव्या आहेत." बाबांनी त्यांच्या पानात खीर वाढली.

तीन दिवस आई मागे बसून होती. चौथ्या दिवशी न्हाली आणि घरात आली. दुपारी तांदूळ निवडायला दोघी बसल्या. आई बोलत होती, वाईच्या घाटाचं. काकू खडे काढत होती. ती ‘हं’ म्हणत होती, पण मधेच आईने विचारलं, "मग काय झालं माहीत आहे?" तर काकूने विचारलं नाही. मग आई आपणच सांगू लागली.

साडेचारला मी पाटी घेऊन गच्चीत गेले. काकू गुल करत होती. "आज राहू दे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पाटी नेली नाही.

सर्वपित्री अमावास्येनंतर एका सकाळी काकू म्हणाली, "कालीघाटला जाऊन येते." पाचवारी नेसली होती. दुपार झाली, चार वाजले, शेगड्या पेटल्या. आईने शेगडी पेटवायचा प्रयत्न केला आणि तिला खोकल्याची उबळ आली. मग मी पेटवली. धुराने माझे डोळे गळत होते. सहाला काकू आली. चपलेचा अंगठा तुटला होता, दोन्ही पाय सुजलेले. श्यामबाजारच्या पुढे बस चुकली, म्हणून डमडमपर्यंत चालत गेली होती.

ती गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली. मी मागोमाग गेले.

"मॅट्रनला भेटलीस?"

"भेटले. दारातला शिपाई सोडेना. मी तिथेच बसून राहिले. दोन वाजता ती जेवायला बाहेर आली."

"काय म्हणालीस?"

"तिनं विचारलं, त्या दिवशी का आली नाहीस. मी म्हटलं, देअर वॉज अ सेरेमनी इन द हाउस, ॲण्ड आय वॉज द कुक." ती एक एक शब्द सावकाश म्हणाली. सगळं जागच्या जागी होतं. मी तसं म्हणाले नाही.

"मग?"

"मग तिनं माझे हात पाहिले. उलटे, सुलटे. नखं पाहिली. म्हणाली, यांना साबण लागेल. मग कागद दिला. समोर दोन बाळंतिणी होत्या, एक रडत होती. दहा वाक्यं लिहिली. एक चूक निघाली." तिने कपड्याची घडी घातली. "दुर्गापूजेनंतर बोलावलंय."

"काकू," मी म्हणाले, "मला तुला सांगायचंय..."

"दोरी मी त्याच संध्याकाळी पाहिली," ती म्हणाली. "सोवळं सोडल्यावर."

खाली गोठ्यात म्हशी पाण्यावर सुटल्या होत्या. मी रडायला लागले. मी लहान होते, मला कळलं नाही, आईने हाक मारली, असं काहीबाही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. तोंड पुसायला पदरसुद्धा पुढे केला नाही.

"तू पंधरा वर्षांची आहेस ना?"

"हो."

"मी पंधराव्या वर्षी तुमच्या घरात आले," ती म्हणाली. "तेव्हा मला कुणी लहान म्हटलं नाही." आणि कपड्यांची चळत घेऊन खाली गेली.

बाबांना तिने स्वतःच सांगितलं, जेवण वाढताना. बाबा खाली मान घालून म्हणाले, "छान झालं. छान." आईने हातातला घास खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

कोजागिरीनंतर ती निघाली. प्रतिमादी बरोबर होत्या. ट्रंक रिक्षात चढवली. आईने तिला एक नवी पाचवारी दिली, पांढरी, निळ्या काठाची. दोघी जिन्यात उभ्या राहिल्या. आईला काही म्हणायचं होतं. तिचा श्वास लागला होता, की तिने लागू दिला होता, कोण जाणे.

"रविवारी येत जा," आई शेवटी म्हणाली.

"बघू, वहिनी."

माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला. मोठी माणसं ठेवतात तेवढाच वेळ. रिक्षा गोठ्यावरून वळली. पारबती बाहेर आला आणि त्याने तिला वाकून रामराम केला.

ती रविवारी आली नाही. पहिल्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. दोन वर्षांनी तिला नोकरी लागली ते प्रतिमादींकडून कळलं. मी सासरी जाताना तिचं एक कार्ड आलं, बाबांच्या नावाने, चार ओळींचं. आम्ही एकाच शहरात आणखी अकरा वर्षं राहिलो.

काकू गेली त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेतून आले तर घर शांत होतं. तांदळाचं सूप सज्ज्यात तसंच पडलेलं. आई मागे तरटावर बसली होती, वेगळा तांब्या बाजूला, भिंतीकडे तोंड. "लीना, शेगडी पेटव," ती म्हणाली. "आणि डाळ धू. मी इथून सांगते." मी दप्तर ठेवलं. कोळसे फोडले, धूर डोळ्यांत गेला. आई मागून सांगत राहिली, पाणी किती, हळद किती, मीठ कधी. खूप दिवसांनी ती इतकं बोलत होती. गोणपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी तिकडे गेले नाही. मी डाळ धुतली आणि विचारलं, "किती वेळ शिजवू?"  आई म्हणाली, "मऊ होईपर्यंत," आणि मी शेगडीपाशी बसून राहिले.